सापडलेले कासव कोणत्या कुळातले? पायापासून मानेपर्यंत ओळख पटवण्याची पद्धत

मृगाचा पाऊस जोरात झाला की पुण्याच्या कडेला, ओढ्यानाल्यांना खेटून वसलेल्या सोसायट्यांमध्ये एखादे तरी कासव पार्किंगपर्यंत येऊन पोहोचते. आमच्याकडे ते पहाटे आले. रखवालदाराने भल्या मनाने ते बादलीत ठेवले आणि बादली काठोकाठ पाण्याने भरली. सकाळी सभासद जमले, तेव्हा तीन मते पडली. एकाच्या मते ते समुद्राचे कासव होते आणि ते कोकणात पोहोचवायला हवे होते. दुसऱ्याच्या मते ते वास्तूला शुभ असल्याने बागेच्या हौदात ठेवायला हरकत नव्हती. तिसऱ्याला ते मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेले आणि कोणी तरी टाकून दिलेले वाटत होते. तिन्ही मते चुकीची होती आणि त्यांपैकी कोणत्याही मताप्रमाणे वागलो असतो, तर त्या प्राण्याचे किंवा इतर कासवांचे नुकसानच झाले असते. कासव दिसल्यावर काय करायचे हे त्याचे कूळ ठरवते, म्हणून ओळख आधी आणि कृती नंतर, हा क्रम पाळावा लागतो. ही ओळख पटवायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. पाय, पाठ, पोट आणि मान या चार जागा याच क्रमाने पाहिल्या की पुणे परिसरातल्या बहुतेक कासवांचे कूळ पाच मिनिटांत सांगता येते.

आधी शब्दांचा निकाल लावू

इंग्रजीत समुद्रातल्या, जमिनीवरच्या आणि तळ्यातल्या कासवांना टर्टल, टॉरटॉइस आणि टेरापिन अशी वेगवेगळी नावे आहेत आणि त्यांच्या सीमारेषांवरून इंग्रजी भाषिकांमध्येच वाद होतात. मराठीत सगळ्यांना कासव म्हणतात आणि माझ्या मते आपला शब्द शास्त्राला अधिक धरून आहे, कारण हे सर्व प्राणी टेस्टुडिन्स नावाच्या एकाच गणात मोडतात. या गणात आज १४ कुळे आणि ३५० हून अधिक जाती मानल्या जातात. भारतात मूळची अशी पाचच कुळे आहेत: जमिनीवरच्या कासवांचे टेस्टुडिनिडी, कठीण पाठीच्या गोड्या पाण्यातल्या कासवांचे जिओएमिडिडी, मऊ पाठीच्या कासवांचे ट्रायोनिकिडी, सागरी कासवांचे किलोनिइडी आणि चामड्यासारख्या पाठीच्या महाकाय सागरी कासवाचे डर्मोकेलिइडी. पुणेकराला मात्र सहावे कूळही माहीत असावे लागते. ते अमेरिकेतले एमिडिडी असून आपल्याकडे काचेच्या टाकीतून आले आहे.

कवचाबद्दलचा एक समज सुरुवातीलाच दूर करायला हवा. शंखातून गोगलगाय जशी अंग बाहेर काढते, तसे कासव कवचातून निघून येते असे चित्रकथांमुळे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पाठीचा कणा आणि बरगड्या मिळूनच वरचे कवच बनलेले असते. त्यावर नखांच्या जातीचे खवले बसवलेले असतात. कवच तडकणे म्हणजे हाड मोडणेच होय, आणि त्यावर घरी डिंक किंवा फेविक्विक लावण्याऐवजी पशुवैद्याकडेच जायला हवे. खालच्या बाजूला पोटाचे कवच असते आणि दोन्ही कवचे कडेला पुलासारख्या हाडाने जोडलेली असतात.

पहिली पायरी: पाय आणि नखे

कासव हातात घेण्याआधी ते चालताना पाहावे, कारण पाय हा सर्वांत बोलका पुरावा आहे. पाय हत्तीसारखे खांबदार असतील, बोटे सुटी दिसत नसतील आणि बोटांमध्ये पडदा नसेल, तर ते टेस्टुडिनिडी कुळातले, म्हणजे जमिनीवरचे कासव आहे. त्याला पोहता येत नाही. असे कासव कोणी ‘पाण्यातला जीव पाण्यात’ म्हणून विहिरीत किंवा तळ्यात सोडले तर ते बुडते. ही चूक अडाणीपणाने होते तशीच पुण्यकर्म म्हणूनही होते, आणि आपल्याकडे दुसऱ्या कारणानेच ती जास्त होत असावी.

बोटे वेगळी दिसत असतील, त्यांच्यामध्ये पडदा असेल आणि नखे तीक्ष्ण असतील, तर ते गोड्या पाण्यातले कासव आहे. कोणत्या कुळातले ते पाठ पाहून कळेल. पायांच्या जागी वल्ह्यासारखे पर असतील, तर ते सागरी कासव आहे आणि पुणे जिल्ह्यात ते आपणहून येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

नखांचा विषय निघालाच आहे, तर महाराष्ट्रापुरती एक गोष्ट इथे सांगायला हवी. ‘वीस नखांचे कासव’ असेल तर गुप्तधन सापडते किंवा पैशांचा पाऊस पडतो, या अंधश्रद्धेपायी आपल्या राज्यात कासवांची चोरटी खरेदी-विक्री होते. आपल्याकडच्या कठीण पाठीच्या तळ्यातल्या कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, अशी अठरा नखे असणे ही नेहमीची मांडणी आहे. मऊ पाठीच्या कासवांना प्रत्येक पायाला तीनच नखे असतात आणि त्यांच्या ट्रायोनिकिडी या नावाचा अर्थही ‘तीन नखी’ असाच आहे. म्हणजे त्यांची एकूण नखे बाराच भरतात. नखे मोजणे ओळखीसाठी उपयोगाचे आहे. त्यापलीकडे त्या मोजणीला काही अर्थ नाही आणि त्यासाठी कासव पकडणे हा गुन्हा आहे.

दुसरी पायरी: पाठ

पाठीवर बोट फिरवावे. ती कातड्यासारखी गुळगुळीत, कडेला लवचीक आणि खवले नसलेली लागली, तर ते मऊ पाठीचे ट्रायोनिकिडी कूळ आहे. त्याचे नाक पुढे आलेल्या बारीक नळीसारखे असते. पाण्याखाली चिखलात दडून फक्त ही नळी वर काढून ते श्वास घेते. पाठ कठीण आणि खवल्यांची असेल, तर खवले मोजायचे. बहुतेक कासवांच्या पाठीवर मध्यरेषेत पाच मोठे खवले, त्यांच्या दोन्ही बाजूंना चार-चार खवले आणि कडेने लहान खवल्यांची झालर असते. हा आराखडा एकदा डोळ्यांत बसला की त्यातला फरक लगेच खुपतो. शंकराच्या देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत जे कासव कोरलेले असते, त्याच्या पाठीवर ही ओळ कारागिराने कशी मांडली आहे, हे पाहण्याचा मला छंद लागला आहे. काहींनी ती निरखून काढलेली दिसते, तर काहींनी सरळ फुलांची नक्षी काढून वेळ मारून नेली आहे.

पुणे परिसरात कठीण पाठीचे देशी कासव दिसले, तर बहुधा ते जिओएमिडिडी कुळातले मेलॅनोकेलिस ट्रायजुगा, म्हणजे आपले काळे कासव असते. त्याच्या नावातच खूण आहे: पाठीवर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या तीन उंचवट्याच्या रेषा. रंग काळपट तपकिरी असतो, कडा कधी पिवळसर दिसते आणि डोक्यावर पिवळट ठिपके किंवा रेघा असू शकतात. म्हाताऱ्या कासवाच्या रेषा झिजलेल्या असतात, म्हणून त्या डोळ्यांनी शोधण्यापेक्षा बोटाने चाचपाव्यात. पाठ घराच्या छपरासारखी मध्ये उंच असेल आणि मधल्या रेषेवरच्या एका खवल्याला मागे झुकलेले टोक असेल, तर ते याच कुळातले पांगशुरा असते. त्याची एक जात कृष्णा आणि गोदावरीच्या खोऱ्यांत आढळते, आणि भीमा कृष्णेला मिळत असल्याने आपल्याला ती परकी नाही.

पाठीवरच्या प्रत्येक खवल्याच्या मध्याशी पिवळा ठिपका आणि त्यातून काळ्या पार्श्वभूमीवर निघालेले किरण दिसले, तर ते तारा कासव होय. टेस्टुडिनिडी कुळातले जिओकेलोन एलिगन्स. ते राजस्थान-गुजरातच्या कोरड्या पट्ट्यात, दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत नैसर्गिकरीत्या राहते. पुण्याच्या इमारतीत ते दिसले, तर ते कोणी तरी विकत आणलेले आहे असेच समजावे. पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी त्याची इतकी तस्करी झाली, की २०१९ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक निर्बंधांच्या परिशिष्टात त्याला हलवावे लागले.

समुद्रावर गेलात तर हीच मोजणी तिथेही कामी येते. आपल्या किनाऱ्यावर सर्वाधिक येणाऱ्या ऑलिव्ह रिडलेच्या पाठीवर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना बहुतेक वेळा सहा किंवा त्याहून अधिक खवले असतात, तर हिरव्या कासवाला आणि पोपटचोचीच्या हॉक्सबिलला चारच असतात. हॉक्सबिलचे खवले कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे ते हिरव्या कासवापासून वेगळे काढता येते. डर्मोकेलिइडी कुळातल्या एकमेव जातीला, लेदरबॅकला, खवलेच नसतात. काळ्या चामडी पाठीवर सात उभे कंगोरे असतात. जगातले सर्वांत मोठे कासव तेच.

तिसरी पायरी: पोट

पोट पाहण्यासाठी कासव उलटे करून ठेवू नये. दोन्ही हातांनी कवचाच्या मागच्या अर्ध्या भागात कडेला धरून क्षणभर तिरपे करावे आणि पाहून झाले की सरळ करावे. मऊ पाठीच्या कासवाची मान अनपेक्षित लांब निघते आणि ते जोरात चावते, म्हणून पुढच्या बाजूला हात नेऊच नयेत.

आमच्या पार्किंगमधल्या कासवाची ओळख इथेच पटली. पाठ मऊ, ऑलिव्ह-तपकिरी, चिखल धुतल्यावर ओल्या चामड्यासारखी चकाकणारी. तिरपे केल्याबरोबर त्याने मागचे पाय आत घेतले आणि पोटाच्या कवचाच्या मागच्या कडेला असलेल्या दोन कातडी झडपा त्यांच्यावर बंद झाल्या, दुकानाचे दार आतून ओढून घ्यावे तशा. ही झडप म्हणजे लिसेमिस पंक्टाटा, इंग्रजीत फ्लॅपशेल म्हटल्या जाणाऱ्या जातीची पक्की खूण आहे. आपल्याकडच्या तळ्यांत, भातखाचरांत, कालव्यांत आणि विहिरींत सर्वाधिक आढळणारे हेच कासव आहे. गावाकडे विहिरीचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून जे कासव सोडण्याची पद्धत होती, तेही बहुतेक वेळा हेच असायचे. बेडूक, गोगलगायी, मेलेले मासे, पाणवनस्पती असे सर्व काही ते खाते. उन्हाळ्यात तळे आटले की चिखलात गाडून घेऊन पडून राहते आणि पहिल्या पावसात बाहेर पडून नव्या पाण्याच्या शोधात चालू लागते, म्हणूनच जूनमध्ये ते रस्त्यावर आणि जिन्याखाली सापडते. म्हणजे ते हरवलेले किंवा टाकून दिलेले नव्हते, आपल्या वाटेने जात होते. त्या वाटेवर मध्ये आमची इमारत आली.

पाठ मऊ आहे, पण झडपा नाहीत, असे आढळले तर मात्र थांबून नीट पाहावे, फोटो काढावेत आणि वन विभागाला ताबडतोब कळवावे. ते निल्सोनिया लिथी असू शकते. या कासवाचे आणि पुण्याचे नाते जुने आहे. ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे याने १८७२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा नमुन्याचे ठिकाण म्हणून पूना हेच लिहिले गेले, आणि मुंबईचे डॉक्टर अँड्र्यू लिथ यांच्यावरून जातीला नाव मिळाले. हे कासव केवळ द्वीपकल्पीय भारतातल्या नद्यांत आणि जलाशयांत सापडते. त्याची पाठ सुमारे दोन फुटांपर्यंत वाढते आणि पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखी, बहुधा चार, ठळक वर्तुळे असतात. आज त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींमध्ये होते, आणि २०२२ च्या पनामा परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून त्याला साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. ज्या गावाच्या पत्त्यावर ही जात शास्त्राला माहीत झाली, त्या गावात तिचे नाव विचारले तर क्वचितच कोणाला सांगता येते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

चौथी पायरी: डोके आणि मान

डोळ्याच्या मागे लाल पट्टा असेल, पोटाचे कवच पिवळे असून त्यावर काळे डाग असतील आणि मानेवर हिरव्या-पिवळ्या रेघा असतील, तर ते एमिडिडी कुळातले रेड-इअर्ड स्लायडर आहे. मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातले हे कासव दुकानात रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे असताना विकले जाते आणि पुढे ताटलीएवढे होऊन वीस-तीस वर्षे जगते. वाढल्यावर लाल पट्टा फिका पडू शकतो, विशेषतः म्हाताऱ्या नरांमध्ये. अशा वेळी पोटाच्या रंगावर भिस्त ठेवावी.

मानेवरून कासवांचे दोन मोठे विभागही पडतात. आपली सर्व कुळे मान सरळ मागे, कण्याच्या दिशेने ओढून घेणाऱ्या विभागात येतात. दुसऱ्या विभागातली कासवे मान आडवी वळवून कवचाच्या कडेखाली ठेवतात. त्यांची किलिडी, पेलोमेड्युसिडी आणि पोडोक्नेमिडिडी ही तीन कुळे दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी या दक्षिणेकडच्या भूभागांत राहतात. कूर्म जशी अंगे आवरून घेतो तशी इंद्रिये आवरावीत, हा कीर्तनातला दृष्टान्त आपल्या ओळखीचा आहे. सागरी कासवांना तो लागू पडत नाही, कारण त्यांना डोके आणि पर आत घेताच येत नाहीत. कासवी केवळ नजरेने पिल्ले वाढवते, हा संतवाङ्मयातला लाडका दाखला तर निसर्गात कुठेच सापडत नाही. ती अंडी पुरून निघून जाते.

उरलेली कुळे पुण्यात भेटणार नाहीत, त्यामुळे ती ओझरती सांगतो. चावऱ्या कासवांचे केलिड्रिडी आणि चिखलकासवांचे किनोस्टर्निडी ही दोन्ही अमेरिकेतली आहेत. मध्य अमेरिकेतल्या नद्यांमध्ये राहणाऱ्या डर्माटेमिडिडी, आग्नेय आशियातल्या मोठ्या डोक्याच्या प्लॅटिस्टर्निडी आणि न्यू गिनी व उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डुकराच्या नाकाच्या कॅरेटोकेलिइडी या तिन्ही कुळांत आज प्रत्येकी एकच जात उरली आहे. शेवटचे मजेशीर आहे: राहते गोड्या पाण्यात, पण त्याचे पाय सागरी कासवासारखे वल्हेदार असतात.

ओळख पटल्यावर काय करावे

देशी कासव निरोगी असेल आणि फक्त रस्ता ओलांडत असेल, तर ज्या दिशेला त्याचे तोंड होते त्याच दिशेला रस्त्याच्या पलीकडे ठेवावे. मागे फिरवले तर ते पुन्हा त्याच रस्त्यावर येते. इमारतीत अडकले असेल तर बादली वापरू नये. पसरट टबमध्ये ओले पोते अंथरून त्यावर कासव ठेवावे, वर हवा जाईल असे झाकण ठेवावे आणि टब सावलीत ठेवावा. पाणी ठेवलेच तर पाय बुडतील इतकेच ठेवावे. बादलीत बुडवून ठेवलेल्या दमलेल्या कासवाला श्वासासाठी वर येता आले नाही, तर पाण्यातले कासवही गुदमरून मरते. दूध, पोळी, बिस्किटे देऊ नयेत. एक दिवस उपाशी राहिल्याने त्याला काही होत नाही. त्यानंतर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. देशी कासव पकडणे, विकणे किंवा घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि फ्लॅपशेलसारख्या साध्या वाटणाऱ्या कासवालाही त्यात पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. वास्तूसाठी कासव हवेच असेल, तर तुळशीबागेत पितळेचे मिळते. त्याला खायलाही घालावे लागत नाही.

स्लायडरच्या बाबतीत नियम उलटा आहे: ते कोणत्याही तळ्यात, नदीत किंवा ओढ्यात सोडू नये. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक जातींच्या यादीत त्याचा समावेश आहे, कारण ते स्थानिक कासवांचे अन्न आणि उन्हात बसण्याच्या जागा बळकावते आणि रोगही पसरवू शकते. मुलांच्या हट्टाखातर आणलेले स्लायडर नकोसे झाले की रविवारी सकाळी पाषाण किंवा कात्रजच्या तलावात सोडून देण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो आणि त्यात दयाबुद्धी असते, पण त्याची किंमत तिथल्या फ्लॅपशेलला मोजावी लागते. घरात असलेलेच नीट सांभाळायचे तर मोठी टाकी, पाण्याबाहेर कोरडा ओटा आणि रोज थेट ऊन या तीन गोष्टी लागतात. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन चालत नाही, कारण हाडांसाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. प्लॅस्टिकच्या झाडाच्या डबीत वाढवलेल्या कासवांचे कवच म्हणूनच मऊ आणि वाकडे होते. कोणतेही कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे.

सरावासाठी

फोटो पाहून शिकण्याला मर्यादा आहेत. कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात सर्पोद्यानाकडे जाऊन, बुधवार सोडून, अर्धा तास फक्त कासवांसमोर थांबावे. पाटी न वाचता आधी पाय, मग पाठ पाहून कूळ ठरवावे आणि नंतर पाटीवर पडताळावे. मार्च-एप्रिलमध्ये ताम्हिणी घाटातून माणगाव-मंडणगडमार्गे कोकण किनाऱ्यावरच्या वेळास गावाला जाता आले तर सागरी कासवांचाही अनुभव मिळतो. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडलेच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले, आणि सुमारे पन्नास दिवसांनी वाळूतून वर आलेली पिल्ले समुद्राकडे धावताना गावकऱ्यांसोबत दोरीमागे उभे राहून पाहता येतात.

स्वतःला सापडलेल्या कासवाची नोंद ठेवायची असेल, तर चार फोटो पुरेसे आहेत: वरून पूर्ण पाठ, तिरपे करून पोट, बाजूने डोके आणि एक पाय जवळून, नखे मोजता येतील असा. प्रत्येकात शेजारी पेन ठेवावे म्हणजे आकार कळतो. तारीख, वेळ आणि जागा लिहावी. पाऊस पडून गेला होता का, हेही लिहावे. आमच्या रखवालदाराच्या केबिनमध्ये आता बादलीच्या जागी झाकणाला भोके पाडलेला टब आहे आणि त्याच्यावर ऑइलपेंटने १९२६ लिहिले आहे.